शोभेचा कोंबडा आणि खुडूक कोंबडी

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस कोंबड्यांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण 'हेतू कोणाचा?' हा जुना प्रश्न मला एका कोंबड्यात फार स्पष्ट दिसतो. त्याचं नाव सेब्राइट बँटम.

बँटम म्हणजे बुटकी कोंबडी. हा शब्द जावा बेटावरच्या बांतेन बंदराच्या नावावरून आला. सेब्राइट मात्र इंग्लंडातच घडला. सर जॉन सेब्राइट हे तिथले जमीनदार, पार्लमेंटचे सभासद. जनावरांची पैदास कशी सुधारावी यावर त्यांनी १८०९ साली एक पुस्तिका लिहिली. वेगवेगळ्या कोंबड्यांचा संकर करून, पिढ्यान् पिढ्या निवड करत त्यांनी हा पक्षी तयार केला. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. रंग सोनेरी किंवा रुपेरी आणि प्रत्येक पिसाला काळी बारीक किनार, लुगड्याच्या काठासारखी!

आता गंमत बघा. याच्या नरालाही मादीसारखीच पिसं असतात. शेपटीची लांब कमान नाही, मानेवर टोकदार पिसं नाहीत. डार्विननेही १८६८च्या ग्रंथात याची दखल घेतली. पुढे मॉर्गन या शास्त्रज्ञाने असे नर खच्ची करून पाहिले, तर त्यांना चक्क कोंबड्याची पिसं आली! कारण नंतर कळलं: या नराच्या कातडीतच नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरक होतं. मूळ नर-संप्रेरकच थांबलं, की तो परिणामही थांबतो.

या शोभेची किंमतही आहे. सेब्राइट अंडी कमी घालते, ती सहसा खुडूक होत नाही आणि पिल्लं वाढवणंही अवघड. म्हणून तिची अंडी पुष्कळदा दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यात गावरान कोंबडीच्या रंगाची चौकशी कोण करतो? ती खुडूक झाली, की टोपलीत अंडी मांडायची. एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन ती उकिरड्यावर हजर!

पण त्या इंग्रज साहेबाला हसू नका, बरं का. जास्त अंडी हवीत म्हणून पोल्ट्रीतल्या कोंबडीचं खुडूक होणं आपणही निवडीनेच घालवलं आहे. त्याने शोभा निवडली, आपण अंडी निवडली. दोन्हीकडे हेतू माणसाचा, आणि वंश चालवण्याचं बळ गेलं ते कोंबडीचं. म्हणून दारातली खुडूक कोंबडी हाकलण्याआधी क्षणभर थांबा. तिच्याजवळ अजून तिचं स्वतःचं काहीतरी शिल्लक आहे.