शोध नेमका कोणाचा? चुंबकीय अणुथरांचा इतिहास

१/
२००७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांना विभागून देण्यात आले. निमित्त होते १९८८ मधील एका शोधाचे: 'जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स', मराठीत म्हणायचे तर महाचुंबकरोध. संगणकाच्या हार्ड डिस्कची क्षमता याच शोधाने वाढवली आणि पुढे तो पेसमेकरपासून रक्तचाचणीपर्यंत वैद्यकातही शिरला. पण हा शोध नेमका कोणाचा आणि नेमका कधीचा? कागदपत्रे उघडली की उत्तर दोन नावांत आणि एका सालात मावत नाही.

२/
कथेचा आरंभ १८५७ च्या सुमारास होतो. हिंदुस्थानात उठाव पेटला होता, त्याच काळात ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, लोखंड आणि निकेल यांच्यातून वीज खेळवून पाहत होते. त्यांना आढळले की लोखंडाचे चुंबकन ज्या दिशेने होते, त्या दिशेने वाहणाऱ्या विजेला किंचित अधिक विरोध होतो आणि आडव्या दिशेने किंचित कमी. फरक अत्यल्प होता. पुढील शतकभर या परिणामाकडे पाठ्यपुस्तकातील एक कुतूहल म्हणूनच पाहिले गेले.

३/
असे का घडते, याचा धागा १९३६ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या हाती लागला. प्रत्येक इलेक्ट्रॉनला 'स्पिन' नावाचा अंगभूत गुणधर्म असतो. कल्पनेच्या सोयीसाठी त्याला फिरकी म्हणता येईल. ही फिरकी दोन प्रकारची असते, 'वर' किंवा 'खाली'. मॉट यांनी सुचवले की चुंबकीय धातूत या दोन प्रकारच्या इलेक्ट्रॉनांचे जणू दोन स्वतंत्र प्रवाह वाहतात आणि दोघांना होणारा विरोध सारखा नसतो.

४/
ही कल्पना प्रयोगाने पक्की करण्याचे काम १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या ऑर्से येथे झाले. ते करणाऱ्यांत इयन कॅम्पबेल आणि तरुण आल्बेर फेर होते. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या फेर यांच्या प्रबंधाचा विषय हाच. निकेलमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची अल्पशी भेसळ केली, त्यातला एक 'वर' फिरकीला आणि दुसरा 'खाली' फिरकीला अडवणारा असला, तर विद्युतरोध एकदम वाढतो, हे त्यात दिसले. महाचुंबकरोधाचे बीज येथेच होते. भेसळीच्या अणूंऐवजी चुंबकीय थर योजायचे, एवढेच बाकी होते.

५/
थरांनी नेमके काय साधते? गडाच्या वाटेवर एकापाठोपाठ दोन दरवाजे आहेत, असे समजा. दोन्ही पहारेकरी तांबड्या पागोट्यांना सोडत असतील, तर निदान तांबडी पागोटी तरी झपाट्याने आत जातील. पण पहिला केवळ तांबड्यांना आणि दुसरा केवळ पांढऱ्यांना सोडणारा असेल, तर प्रत्येक जण कुठे ना कुठे अडतो. दोन चुंबकीय थरांच्या दिशा परस्परविरुद्ध असताना विजेचे हेच होते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून दोन्ही थर एका दिशेला वळवले की एका फिरकीचा मार्ग मोकळा होतो आणि रोध कोसळतो.

६/
अडचण होती ती कारागिरीची. इलेक्ट्रॉनने आपली फिरकी सांभाळत एका थरातून दुसऱ्यात जायचे, तर मधला थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा हवा. मानवी केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून कामाची कल्पना यावी. १९७० मध्ये असे थर चढवण्याची खात्रीलायक रीत धातूंसाठी उपलब्ध नव्हती. अतिनिर्वात पात्रात अणूंचा झोत सोडून एकेक अणुथर वाढवण्याचे तंत्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अर्धवाहकांसाठी विकसित होत होते. ते धातूंपर्यंत यायला दशक उलटावे लागले. तोवर फेर यांची कल्पना कागदावरच राहिली.

७/
आता वळायचे ते जर्मनीकडे. पीटर ग्रुनबर्ग यांचा जन्म १९३९ मध्ये पिल्सेन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील जर्मनभाषकांना देश सोडावा लागला, त्या लोंढ्यात हे कुटुंबही हेसेन प्रांतातील लाउटरबाख या गावी आले. डार्मश्टाट येथे डॉक्टरेट आणि कॅनडात काही वर्षे संशोधन करून १९७२ मध्ये ते युलिश येथील संशोधन केंद्रात रुजू झाले. हे केंद्र मुळात अणुशक्तीसाठी उभारलेले होते. चुंबकीय पातळ थरांचा अभ्यास हे तेथील एका संस्थेतले शांतपणे चाललेले काम होते.

८/
१९८६ मध्ये ग्रुनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोखंडाच्या दोन थरांमध्ये क्रोमियमचा अतिपातळ थर घालून त्यावर लेझरचा प्रकाश टाकला. विखुरलेल्या प्रकाशाच्या अभ्यासातून दिसले की क्रोमियमची जाडी योग्य असेल, तर लोखंडाचे दोन थर आपोआप विरुद्ध दिशांना चुंबकित होतात. दोन दरवाजांवर दोन विरुद्ध पहारेकरी आयते उभे राहिले होते! ऑर्सेच्या कल्पनेला जी वस्तू हवी होती, ती युलिशच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती.

९/
१९८८ मध्ये दोन्ही गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे रोध मोजला. युलिशच्या गटाने लोखंड-क्रोमियम-लोखंड असा तीन थरांचा नमुना घेतला. नेहमीच्या तापमानाला बदल आला सुमारे १.५ टक्के. ऑर्सेच्या गटाने थॉमसन-सीएसएफ या कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवलेले, लोखंड आणि क्रोमियमच्या अनेक जोड्या एकावर एक रचलेले नमुने वापरले. ०.९ नॅनोमीटर क्रोमियम असलेल्या नमुन्यात, द्रवरूप हेलियमच्या तापमानाला, रोध जवळजवळ निम्म्यावर आला.

१०/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने तारखा पाहाव्यात. युलिशचा निबंध नियतकालिकाकडे पोहोचला ३१ मे १९८८ रोजी, ऑर्सेचा २४ ऑगस्टला. छपाईत मात्र क्रम उलटला. ऑर्सेचा निबंध २१ नोव्हेंबर १९८८ च्या अंकात आला, युलिशचा थेट १ मार्च १९८९ च्या. प्रकाशनाची तारीख धरली तर फ्रेंच आधी, पोहोच धरली तर जर्मन आधी. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. कोणती 'पहिली' मानायची, हे ठरवणारा निकष मात्र कागदपत्रांत नसतो. तो आपण बाहेरून आणतो.

११/
शीर्षकेही बोलकी आहेत. युलिशने आपल्या निबंधात 'वाढीव' चुंबकरोध असा संयत शब्द योजला. ऑर्सेने लिहिले 'महाकाय'. नाव रूढ झाले ते दुसरे. ऑर्सेच्या निबंधावर नऊ लेखकांची नावे आहेत. त्यांतले पहिले आहे मारियो बाइबिक यांचे, जे ब्राझीलहून पाहुणे संशोधक म्हणून आले होते. फेर यांचे नाव तिसरे. नमुने घडवणारे कंपनीतले शास्त्रज्ञ त्यानंतर येतात. युलिशच्या निबंधावर चौघे आहेत. म्हणजे ज्या शोधाला आज दोन नावे चिकटली आहेत, त्याच्या मूळ दस्तऐवजांवर तेरा नावे आहेत.

१२/
युलिशने आणखी एक गोष्ट केली. आपला निबंध छापून येण्यापूर्वीच, १९८८ मध्ये, पेटंटसाठी अर्ज दाखल केला. हा परिणाम चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या संवेदकात वापरता येईल, हे ग्रुनबर्ग यांनी आधीच हेरले होते. पुढे आयबीएमला या पेटंटचा परवाना घ्यावा लागला. निव्वळ मूलभूत संशोधन आणि निव्वळ उपयोजन अशा दोन खोल्या करून विज्ञानाचा इतिहास मांडण्याची जी सवय आहे, तिला हा अर्ज बसत नाही.

१३/
तरीही प्रयोगशाळेतला परिणाम बाजारात जाणे सोपे नव्हते. ऑर्सेच्या नमुन्याला सुमारे २ टेस्लाचे क्षेत्र लागत होते. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचा अवाढव्य चुंबक याच तोलाचा असतो. शिवाय एकेक अणुथर वाढवण्याची पद्धत संथ आणि महागडी. कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या केंद्रात काम करणाऱ्या स्टुअर्ट पार्किन यांनी 'स्पटरिंग' ही कारखान्यांत रुळलेली, झटपट थर चढवणारी पद्धत वापरली. १९९० मध्ये त्यांनी दाखवले की तिनेही हा परिणाम मिळतो आणि मधल्या थराची जाडी बदलत नेली की थरांमधील नाते पुन्हा पुन्हा पालटते.

१४/
१९९१ मध्ये आयबीएमच्याच संशोधकांनी 'स्पिन व्हॉल्व्ह' ही रचना मांडली: एक चुंबकीय थर एका दिशेला खिळवलेला, दुसरा इवल्याशा क्षेत्रानेही वळणारा. डिस्कवरील चुंबकीय ठिपके वाचायला हेच हवे होते. १९९७ अखेर आयबीएमची १६.८ गिगाबाइटची हार्ड डिस्क बाजारात आली. याच कंपनीच्या १९५६ मधील पहिल्या डिस्क-यंत्रात ५० तबकड्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. शोधापासून दुकानापर्यंतचा प्रवास अवघ्या नऊ वर्षांत झाला.

१५/
१९९४ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीने आणि १९९७ मध्ये युरोपियन फिजिकल सोसायटीने या कामासाठी दिलेले पुरस्कार फेर, ग्रुनबर्ग आणि पार्किन या तिघांना होते. नोबेलच्या नियमानुसारही एक पारितोषिक तिघांपर्यंत वाटता येते. २००७ मध्ये ते दोघांनाच मिळाले. शोध आणि त्याला वापरायोग्य करणे यांत समितीने रेषा ओढली. ती ओढण्याचा तिला अधिकार आहे. मात्र ती रेषा निसर्गनियम नव्हे, एवढे इतिहासाने ध्यानात ठेवावे.

१६/
वैद्यकाची वाट वेगळी आहे. हृदय विजेवर चालते, म्हणून त्याच्याभोवती अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रही असते, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश. १९६३ मध्ये अमेरिकेत बाउले आणि मॅक्फी यांनी ते प्रथम नोंदवले. १९७० मध्ये डेव्हिड कोहेन यांनी एमआयटीतील कवचबंद खोलीत 'स्क्विड' या अतिवाहक संवेदकाने त्याचे स्वच्छ आलेख मिळवले. पण स्क्विडला उणे २६९ अंशांचा द्रवरूप हेलियम लागतो. असे यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात कसे पोहोचणार?

१७/
१९९८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने चुंबकरोधावर चालणारा जैवसंवेदक मांडला. जैविक अस्त्रे ओळखणे, हा त्यामागचा एक हेतू होता. रीत अशी: चिपवर प्रतिद्रव्ये चिकटवायची. नमुन्यातला अपेक्षित रेणू तेथे अडकला की त्याला सूक्ष्म चुंबकीय मणी जोडायचे. मण्यांच्या क्षेत्राने चिपचा रोध बदलतो आणि नोंद होते. रक्त किंवा लाळ स्वतः जवळजवळ अचुंबकीय असल्याने गोंगाट कमी. प्रकाशावर आधारलेल्या चाचण्यांना नमुन्याचा रंग आणि गढूळपणा छळतो, या रीतीला नाही. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने हा फायदा वेगवेगळ्या शरीरद्रवांत दाखवून दिला.

१८/
अधिक साधा उपयोग मात्र आधी रुळला. पेसमेकर तपासताना डॉक्टर छातीवर चुंबक धरतात आणि यंत्र ठरावीक गतीने ठोके देऊ लागते. चुंबक आला, हे ओळखायला पूर्वी काचेच्या नळीतील हलत्या पात्यांची 'रीड स्विच' असे. अनेक उपकरणांत तिची जागा महाचुंबकरोधी संवेदकाने घेतली. त्यात हलणारा भाग नाही आणि आकार अगदी लहान. कानाच्या यंत्रांतही टेलिफोन जवळ आल्याची जाणीव असाच संवेदक देऊ शकतो.

१९/
मग हृदयाचे ठोके 'वाचणे' एवढे अवघड का? डिस्क सेकंदाला लक्षावधी ठिपके वाचते, हृदय सेकंदाला साधारण एकदा धडधडते. या पातळ थरांचा अंगभूत गोंगाट संथ संकेतांच्या पट्ट्यातच सर्वाधिक असतो. डिस्कला जे सहज जमले, ते हृदयासाठी नव्याने कमवावे लागले. १९९५ मध्ये एमआयटीत भारतीय वंशाचे जगदीश मूडेरा आणि जपानमध्ये तेरुनोबू मियाझाकी यांनी मधल्या धातूऐवजी विद्युतरोधक थर वापरून नेहमीच्या तापमानाला मोठा बदल मिळवला. २०१८ मध्ये जपानी गटाने याच जातीच्या संवेदकांनी, हेलियमविना, हृदयाचे चुंबकीय संकेत टिपल्याचे प्रसिद्ध केले. रोजच्या रुग्णसेवेत हे तंत्र अजून सर्रास झालेले नाही.

२०/
केल्व्हिन ते मॉट ७९ वर्षे, मॉट ते ऑर्से-युलिश ५२, तेथून डिस्क नऊ, आणि हृदयाची वाट अजून चालू. प्रत्येक टप्प्यावर आधीचे ज्ञान हाताशी होते, पण ते आपोआप पुढे सरकले नाही. कोणाला नवे यंत्र हवे होते, कोणाला स्वस्त पद्धत, कोणाला कमी गोंगाट. 'अमुक साली अमुक यांनी शोध लावला' या वाक्यात ही सगळी मेहनत गळून पडते. म्हणून पुढच्या वेळी एखादा गाजलेला शोधनिबंध हाती आला, तर मथळ्यापाशी थांबू नका. लेखकांची पूर्ण यादी वाचा, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत छापलेली पोहोचण्याची तारीखही.