पनवेलच्या परसांतील कोल्हा

पनवेल-खारघरकडील नव्या वसाहतींतून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते. रात्रीं बागेंत 'फॉक्स' येतो, कुंड्यांतील माती उकरतो, मांजरासाठीं ठेवलेलें अन्न खातो आणि उजाडण्यापूर्वीं खाडीकांठच्या तिवरांत नाहींसा होतो. त्याचें काय करावें, असा गृहस्थांचा प्रश्न असतो. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो समजल्यावांचून उत्तर देणें धाडसाचें होईल.

पहिली गफलत नांवाची. इंग्रजींत ज्याला फॉक्स म्हणतात, त्या कुळांतील आपल्याकडचें जनावर म्हणजे खोकड. तें लहानखुरें, झुबकेदार शेपटीचें असून त्याला उघडा, कोरडा माळ मानवतो. खाडीच्या चिखलांत ज्याचीं पावलें उमटतात तो कोल्हा. लांडग्याचा व कुत्र्याचा जवळचा भाऊबंद, वजनानें सुमारें 8 ते 10 किलो. हा घोटाळा शाळेच्या पुस्तकांतून रूढ झाला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं 1828 साली इसापाच्या गोष्टी मराठींत आणल्या. तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांच्या मनांत ग्रीक खोकडाच्या जागीं कोल्हाच बसला आहे. अर्थात् यांत फारसें बिघडलें नाहीं. आपला कोल्हा फळें खरोखरीच आवडीनें खातो. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण कांहीं इसापाकडून आलेली नाहीं. आणि इंग्रजी शब्दाचाच सोस असेल तर 'जॅकल' म्हणावें. संस्कृतांतील शृगाल फारशींत शगाल झाला, तुर्कींत चकाल झाला आणि तेथून युरोपांत पोंचला. घरचाच शब्द तो, परदेशीं फिरून आलेला.

कोल्ह्यानें शहरांत शिरणें हीही नवी गोष्ट नव्हे. पंचतंत्रांतील चंडरव नांवाचा कोल्हा भुकेनें व्याकुळ होऊन नगरांत येतो, कुत्रीं त्याच्या पाठीस लागतात, तो जीव वांचविण्यासाठीं रंगाऱ्याच्या घरांत घुसतो आणि निळीच्या पिंपांत पडतो. पुढें तो राजा होतो वगैरे भाग सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथेचा आरंभ लक्षपूर्वक वाचला जात नाहीं. भूक, मोकाट कुत्रीं आणि उघडें दार, हीं तीन कारणें कथाकारानें पहिल्या चार वाक्यांतच सांगून टाकलीं आहेत. खारघरच्या तक्रारींतही याहून चौथें कारण सांपडत नाहीं.

जुनें पनवेल हें खाडीवरचें बंदर. 1830 साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां मुंबईचा उतारू गलबतानें पनवेलला येई आणि येथून पुण्याची वाट धरी. 1852 साली येथें नगरपालिका स्थापन झाली. इतक्या लौकर नगरपालिका मिळालेलीं गांवें देशांत थोडींच. पुढें 1863 मध्यें आगगाडीनें घाट चढून जाण्याची सोय झाली, वाहतूक कल्याणकडे वळली आणि पनवेलची वाढ मंदावली. या मंदगतीचा लाभ कोल्ह्याला झाला, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. गांवाच्या वेशीबाहेर गाढी व काळुंद्री या नद्यांच्या मुखाकडे खाजणें पसरलेलीं होतीं. त्यांतील बराच भाग शेतकऱ्यांनीं मातीचे बांध घालून, भरतीचें पाणी अडवून, भाताखालीं आणला होता. पावसाचें पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठीं बांधांत उघाडी ठेवीत आणि भरतीचें पाणी आंत येऊं नये म्हणून ती बंद करीत. एवढी मेहनत ज्या बांधावर उभी, त्याचे वैरी दोन: उंदीर आणि खेकडा. त्यांचीं बिळें वाढलीं कीं बांध पोखरला जाई, आणि एका उधाणाच्या रात्रीं खारें पाणी शेतांत शिरून पुढील कांहीं वर्षांचें पीक बुडे. कोल्ह्याचें नित्याचें खाद्य नेमकें हेंच, उंदीर आणि खेकडे.

म्हणून खारपट्टींतील शेतकरी कोल्ह्याला शत्रु मानीत नसे. मित्रही मानीत नसे. भाजीच्या मळ्यांत तो काकडी फोडी, कलिंगड उकरी, खुराड्याचें दार सैल असल्यास कोंबडी नेई. त्यावर उपाय ठरलेले होते. मळ्याभोंवतीं काट्यांचें कुंपण, पीक पिकूं लागलें कीं माळ्यावर राखण, हातीं गोफण, आणि सायंकाळीं खुराड्याच्या दाराला आडणा. कोल्हेकुई ऐकून म्हातारी माणसें दार लावून घेत. त्यांतही 'भालू' ओरडली म्हणजे वाघ जवळपास आहे, असा समज होता. एवढ्या बंदोबस्तावर कोल्हा आणि गांव दोघेही शेंकडों वर्षें नांदले. यांत विशेष दयाबुद्धि होती असें नव्हे. काय जपायचें आहे आणि कोणत्या वेळीं जपायचें आहे, हें ज्याचें त्याला माहीत होतें.

इंग्रजी अमलांत मात्र कोल्ह्याकडे पाहण्याची आणखी एक दृष्टि या देशांत आली. विलायतेंत लाल खोकडाच्या मागें घोडे व शिकारी कुत्रीं सोडण्याचा जो षोक, तो येथें भागविण्यास खोकड पुरेसा पडेना. तेव्हां पेशावरला, उटकमंडला आणि मुंबईलगतच्या साष्टींतही तो मान कोल्ह्याला मिळाला. लाल डगला घालून कोल्ह्यामागें धांवणाऱ्या साहेबाचें पिकांकडे लक्ष असण्याचें कारण नव्हतें. या खेळानें कोल्हे कमी झाले नाहींत आणि तसा हेतुही नव्हता.

उपद्रवी प्राण्याचा निकाल मोजून दाम देऊन लावण्याचा प्रयोग मुंबईनें वेगळ्या प्राण्यावर केला होता. बेवारशी कुत्र्यांचा सुळसुळाट झाला म्हणून सरकारनें प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे इनाम ठेवलें. इनामाच्या लोभानें मारेकरी घरांतल्या व अंगणांतल्या कुत्र्यांवरही हात टाकूं लागले. पारशी समाजांत कुत्रा पवित्र. 6 जून 1832 रोजीं कोटांत दंगल उसळली, दुकानें बंद पडलीं, लष्कर बोलवावें लागलें. मुंबईंतील मोकाट कुत्रीं मात्र आजही आहेत. जनावराच्या डोक्यावर किंमत ठेवली कीं माणसें डोकीं मोजूं लागतात. तीं कोठून आलीं हें कोणी विचारीत नाहीं.

पनवेलच्या कथेला खरें वळण लागलें तें 17 मार्च 1970 रोजीं सिडको स्थापन झाल्यावर. ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गांवांची जमीन नव्या मुंबईसाठीं ठरली. या भूसंपादनाच्या मोबदल्यासाठीं 1984 च्या जानेवारींत झालेल्या आंदोलनांत पांच माणसें गोळीबारांत बळी पडलीं, तो इतिहास स्वतंत्र सांगण्यासारखा आहे. येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं शेती गेली तसा बांधाचा राखणदारही गेला. कांहीं खाचरांवर दगडमातीचा भराव पडून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. ज्यांवर भराव पडला नाहीं, त्यांचे बांध फुटले, भरतीचें पाणी आंत शिरलें आणि पाण्याबरोबर तिवरांचें बीही आलें. जेथें भात डोलत होता तेथें कांदळवन दाट झालें. कोल्ह्याला अशा रीतीनें एका हातानें शेत गेलें व दुसऱ्या हातानें रान मिळालें. पुढें न्यायालयाच्या आदेशांनीं या वनांना संरक्षण मिळालें, 2012 साली राज्यानें त्यांच्यासाठीं कांदळवन कक्ष निर्माण केला. 2016 साली पनवेलची महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठें, कळंबोली हीं उपनगरें तिच्यांत आलीं. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळविला, दहा गांवें उठलीं. 8 ऑक्टोबर 2025 रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें.

हा नकाशा डोळ्यांपुढें ठेवला म्हणजे खारघरचा कोल्हा पाहुणा आहे कीं यजमान, याचा उलगडा होतो. त्याच्या रानाची कड आतां बागेच्या भिंतीला लागली आहे. रानांत खेकडा पकडण्यास रात्रभर श्रम पडतात. भिंतीपलीकडे उष्ट्याची उघडी बादली, मोकाट कुत्र्यांसाठीं पसरलेला भात, झाडाखालीं पडलेले पेरू आणि या सर्वांवर पोसलेले गलेलठ्ठ उंदीर आयते असतात. त्यानें येऊं नये, असें म्हणणें म्हणजे त्याच्याकडून ऋषीच्या वैराग्याची अपेक्षा करणें होय.

लंडनकरांनाही हाच अनुभव आला. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण इंग्लंडांत ऐसपैस बागा असलेलीं घरें उठलीं आणि 1930 च्या सुमारास लाल खोकड त्या बागांतून राहूं लागला. तेथील अधिकाऱ्यांनीं अनेक वर्षें पगारी माणसें लावून खोकडें मारविलीं. अखेर 1980 च्या दशकांत ती मोहीम सोडून दिली. कारण सोपें होतें. या जातींतील प्रत्येक जोडपें आपला मुलूख राखून असतें. एक जोडपें मारलें कीं मुलूख रिकामा होतो आणि शेजारचीं तरुण जनावरें त्यांत येऊन बसतात. कोल्ह्याचा संसारही याच घडणीचा आहे. खारघरचा एक कोल्हा पकडून दूर सोडला तर त्याच्या जागीं दुसरा येतो, आणि सोडलेला बिचारा परमुलखांत मार खातो.

तथापि एक भीति अशी आहे कीं ती हंसण्यावारी नेतां येत नाहीं. कोल्हा पिसाळतो. पिसाळलेला कोल्हा माणसाला भीत नाहीं, भर दिवसा वस्तींत येतो आणि दिसेल त्याला चावतो. 2024 साली मुंबईंत चेंबूर-ट्रॉम्बे भागांत मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणींत रेबीज आढळला, तेव्हांपासून खाडीच्या दोन्ही तीरांवर काळजी वाढली, ती योग्यच होती. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे माणूस वांचणें जवळजवळ अशक्य. पाश्चरनें 1885 साली पहिली लस टोंचली. आपल्या देशांत 1900 साली कसौलीला व 1907 साली कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. त्या काळीं कोंकणांतल्या माणसाला कोल्हा चावला तर लसीसाठीं शेंकडों मैलांचा प्रवास, आणि दैवाची घटका रोज पुढें सरकत असे. पुढें मुंबईंतच हाफकिन संस्थेंत उपचार मिळूं लागला, तरी पोटांत चौदा सुया घेण्याची धास्ती पिढ्यांच्या मनांतून गेली नाहीं.

रोगाच्या भयानेंही मारणें हाच उपाय सुचतो. स्वित्झर्लंडनें तो करून पाहिला. बिळांत विषारी वायु सोडून खोकडें मारलीं, रोग पुढें सरकतच राहिला. मग 1978 साली तेथील शास्त्रज्ञांनीं ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून तीं रानांत टाकलीं. खोकडांनीं तीं खाल्लीं आणि लस पोटांत गेली. जिवंत, लस पचविलेला खोकड आपला मुलूख राखून बसला आणि रोगी परक्याला तेथें जागा उरली नाहीं. 1999 पर्यंत तो देश या रोगांतून मुक्त झाला. पनवेलकडे या युक्तीचें जवळचें रूप म्हणजे कुत्र्यांना लस. कांदळवनाच्या कडेला कुत्रा आणि कोल्हा एकाच उकिरड्यावर भेटतात. म्हणून गल्लींतील प्रत्येक कुत्र्याला दर वर्षीं टोंचलेली लस ही बागेच्या भिंतीइतकीच कामाची.

घरच्या बागेपुरतें पाहिलें तर जुन्या शेतकऱ्याचा बंदोबस्तच थोड्या फरकानें चालतो. उष्टें झांकणाच्या डब्यांत आणि डबा रात्रीं आंत. पडलेलीं फळें सायंकाळीं वेंचावीं. मांजराचें अन्न बाहेर ठेवूं नये. फाटकाखालची फट विटेनें बुजवावी. कोंबड्या असल्यास जाळी मजबूत घेऊन हातभर जमिनींत पुरावी, कारण कोल्हा उकरण्यांत पटाईत. लांकडांच्या ढिगाऱ्याखालीं किंवा पडीक नळींत पिलें आढळलीं तर त्यांना हात लावूं नये. तीं मोठीं झालीं म्हणजे आईबापांमागोमाग निघून जातात, मग ती जागा बुजवावी. मौजेखातर त्याला पाव-बिस्किटें टाकणारा शेजारी भेटल्यास त्याच्याशीं एकदां स्पष्ट बोलावें. सगळी आळी बिघडवण्यास असा एक पुरे. विष किंवा फांसा लावणें हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. जखमी, झोकांड्या खाणारा किंवा अंगावर येणारा कोल्हा दिसला तर मुलांना घरांत घ्यावें, कुत्रा बांधावा आणि वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवावें. आणि चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तंबाखू कांहीं लावूं नये. त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. लस आतां दंडावर टोंचतात, आणि तिच्यासाठीं कसौलीची गाडी पकडावी लागत नाहीं.