गायरानावर कुत्री सोडून सशाची शिकार: कायदा काय सांगतो?

पिकं निघाली, रानं मोकळी झाली की माळावर बॅटरीचा झोत फिरू लागतो. सोबत दोन-चार कुत्री, मोटारसायकल आणि मोबाइलचा कॅमेरा. ससा उठतो, कुत्री मागे लागतात आणि थोड्याच वेळात त्याचं रील होतं. खाली कमेंट येते, "सशाला कुठं बंदी आहे?"

आहे. आणि ती 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात आहे.

माळावरचा ससा वेगळा

घरात पाळतात तो पांढरा ससा मूळचा परदेशी. जामखेड, कर्जत, आष्टीच्या मुरमाड माळावर दिसतो तो भारतीय ससा. तपकिरी अंग, लांब कान आणि मानेमागे काळा डाग ही त्याची ओळख. तो बीळ खणत नाही, गवतात किंवा झुडपाखाली उथळ खळग्यात दबून बसतो. त्यामुळे गवत जाळलं किंवा कुत्री सोडली, तर पळण्याशिवाय त्याला दुसरा मार्ग उरत नाही.

त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई दिवसभर लांब राहते आणि बहुधा अंधार पडल्यावर दूध पाजायला येते. म्हणून शेतात एकटं पिल्लू दिसलं, तर ते पोरकं आहे असं समजून घरी आणू नका.

लांडगा, खोकड, कोल्हा, रानमांजर आणि गरुड हे सगळे सशावर जगतात. माळावरचे ससे संपले, तर या प्राण्यांच्या तोंडचा घासच जातो.

'फक्त पळवला, मारला नाही' तरी गुन्हा?

हो. कायद्यात शिकार म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे. प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, फासे किंवा जाळं लावणं, पकडणं, जखमी करणं हेही शिकारीतच मोडतं. पकडण्या-मारण्याचा प्रयत्न फसला, तरी तो गुन्हाच.

ससा पूर्वी अनुसूची 4 मध्ये होता. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि तो अनुसूची 2 मध्ये आला. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकारीला वापरलेलं वाहन आणि हत्यारंही जप्त होऊ शकतात.

हीच शिकार अभयारण्यात, उदाहरणार्थ कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी काळवीट अभयारण्यात केली, तर शिक्षा किमान 3 ते कमाल 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड.

जमीन कुणाची, याने फरक पडतो का?

गायरान, वनजमीन, पडीक माळ किंवा स्वतःचं शेत, बंदी सगळीकडे सारखीच. वन्यप्राणी शेतमालकाचा नसतो. पिकाचं नुकसान होत असेल, तर वनविभागाकडे अर्ज करता येतो. पण अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शिकार करता येत नाही.

आणि पकडलेला ससा करमणुकीसाठी कुत्र्यांपुढे सोडला तर? तिथे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 सुद्धा लागू होतं.

बाहेर काय झालं?

सशामागे कुत्री पळवण्याचा 'खेळ' ब्रिटनमध्ये शतकानुशतकं चालला. स्कॉटलंडने 2002 मध्ये कायदा करून तो थांबवला. इंग्लंड आणि वेल्ससाठीचा कायदा 2004 चा, तो 2005 मध्ये लागू झाला. आयर्लंडमध्ये तो आजही चालतो, पण 1993 पासून कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधावी लागते.

तुम्ही काय करू शकता?

- शिकार दिसली, तर वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. गावाचं नाव, शिवार, वेळ आणि गाडीचा नंबर सांगा.
- एकट्याने अडवायला जाऊ नका. रात्रीच्या वेळी तर नाहीच.
- शिकारीचं रील दिसलं, तर ते शेअर करू नका. लिंक आणि स्क्रीनशॉट वनविभागाला द्या, तो पुरावा ठरू शकतो.
- तक्रार कृत्याची करा, जातीची नको. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याच्या धोरणातून पारधी समाजावर बसलेला गुन्हेगारीचा शिक्का तो कायदा 1952 मध्ये रद्द होऊनही पुरता पुसलेला नाही. गाडी आणि जातिवंत कुत्री घेऊन हौसेने शिकारीला जाणारा कुणीही असू शकतो.

त्या रीलखाली पुन्हा कुणी "सशाला कुठं बंदी आहे?" असं विचारलं, तर आता उत्तर तुमच्याकडे आहे.