बत्तीस बोअर, खडकीची काडतुसं आणि दमणची वाट



यंदाच्या कोजागरीला दूध आटायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा आपल्यातल्याच एका वहिनींनी विचारलं, "काका, मामंजींच्या कपाटात परवान्याचं पिस्तूल आहे. ते तर गेले. आता हे ठेवावं की देऊन मोकळं व्हावं?" झालं, भोवतीच्या पाच-सहा जणांनी मतं द्यायला सुरुवात केली. एक म्हणाले, विलायती असेल तर सोडू नका, त्याला सोन्याचा भाव आहे. दुसरे म्हणाले, पिस्तूल ऐनवेळी अडकतं, त्यापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं. कायद्याचं मात्र कोणीच बोललं नाही, म्हणून तेवढं आधी सांगतो. परवाना माणसाच्या नावे असतो, घराच्या नव्हे. तो माणूस गेला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ठेवायचंच असेल तर वारसानं स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत अर्ज करायचा. "बघू पुढं" म्हणत कपाटात ठेवणं महागात पडतं. वहिनींनी पुढच्याच आठवड्यात ते जमा करून पावती घेतली. पावती जपून ठेवा म्हणालो, जुनी सवय.

पण ती मतं माझ्या डोक्यात घोळत राहिली. पिस्तूल बाळगणारी माणसं त्याच्या भरवशाबद्दल काय काय बोलतात आणि त्याचा आपल्या या सिल्वासाच्या इतिहासाशी काय संबंध, हे लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. आज निवांत आहे, बाहेर पाऊसही आहे, लिहितो.

मी कॉमर्सचा पदवीधर. घोडा म्हटलं की मला टांगा आठवायचा. तरी बँकेच्या नोकरीत हत्याराशी संबंध आलाच. रोकड जिथे मोठी, तिथे दारावर निवृत्त फौजी आणि त्याच्या खांद्यावर बारा बोअरची दुनाळी. तिच्या काडतुसांची नोंद रजिस्टरात, आणि त्या नोंदीखाली सही आमची. एका शाखेत (नाव नको) वर्षानुवर्षं तीच काडतुसं रजिस्टरात पुढे ओढली जात होती. शिल्लक बरोबर, ताळा बरोबर. एकदा सुभेदारसाहेबांनी सरावाला त्यातली पाच घेतली, तर दोन फुसकी निघाली. परत आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "साहब, बंदूक तो ठीक है. माल बासी है." हिशेबात जमा दिसणारी वस्तू प्रत्यक्षात बुडीत असू शकते, हे कर्जखात्यांच्या बाबतीत मला माहीत होतं. काडतुसांच्या बाबतीत त्या दिवशी कळलं.

ऐंशीच्या दशकात करसवलती आल्या आणि इथे कारखाने भराभर उभे राहिले. पगार तेव्हा रोखीनं होत. वापीहून पैसे आणायचे, रस्ता एकाकी, संध्याकाळ लवकर. त्यामुळे कारखानदारांत परवान्याचं हत्यार घेण्याची पद्धत पडली. माझ्या टेबलासमोर बसून धनादेश वटेपर्यंत या मंडळींच्या ज्या गप्पा चालत, त्यातून माझं शिक्षण झालं.

गप्पा नेहमी बत्तीस बोअरच्याच. कारण साधं आहे. ९ मिलिमीटरचं फौजी पिस्तूल आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअर. नागरिकाला उरतं ते .३२, म्हणजे ७.६५ मिलिमीटर. परदेशी हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकातच सामान्य माणसाला बंद झाली. त्यानंतर बरीच वर्षं एक तर सरकारी कारखान्याचं घ्यायचं, नाही तर कोणाच्या तरी आजोबांचं विलायती, लाखांच्या भावानं. सरकारी म्हणजे पिस्तुलात ईशापूरचं 'अशनी' आणि रिव्हॉल्व्हर कानपूरचं.

मालकांची मतं ऐकण्यासारखी असत. प्लॅस्टिकचे दाणे बनवणारे एक गृहस्थ अशनीवाले. त्यांचं म्हणणं, कमरेला चपटं बसतं, शर्टाखाली कळत नाही, पण स्लाइड मागे ओढायला जोर फार लागतो आणि चाप जड, त्यामुळे नेम डावीकडे जातो. दुसरे एक वयस्कर गृहस्थ, वडिलार्जित वेब्ली अँड स्कॉटचे मालक. "इंग्रजानं हातानं घासून बसवलेलं आहे, आजपर्यंत एकदाही अडकलं नाही!" मी विचारलं, शेवटचं कधी चालवलंत? जरा विचार करून म्हणाले, "बहुतेक बाबा असताना." आमचे सुभेदारसाहेब दोघांवर हसायचे. त्यांच्या मते दुनाळीसारखं इमानी काही नाही. मोडून उघडली की दोन्ही काडतुसं डोळ्यांना दिसतात, लपवाछपवी नाही.

पिस्तूल अडकतं म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्री माणसाच्या बोटानं फिरते. बार फुसका गेला तर पुन्हा चाप ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. अर्धस्वयंचलित पिस्तुलात पुढचं सगळं काम बाराच्या धक्क्यावर चालतं. त्या धक्क्यानं स्लाइड मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते, आणि परत पुढे येताना मॅगझीनमधलं नवं काडतूस नळीत सारते. काडतूस मऊ पडलं तर धक्का अपुरा, टरफल दारातच अडकतं. मनगट ढिलं धरलं तरी तेच होतं. मॅगझीनची स्प्रिंग थकली किंवा ओठ वाकले तर काडतूस वरच येत नाही. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवलं तर आपल्या इथल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि गंज चढतो. थोडक्यात, मालक ज्याला पिस्तुलाचा दोष म्हणतात तो बहुतेक वेळा काडतुसाचा, मॅगझीनचा किंवा मालकाचाच असतो.

आणि एक गोष्ट तर सर्वांनीच ध्यानात ठेवावी, ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांच्या मुलांनीही. मॅगझीन बाहेर काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. नळीत चढलेलं एक काडतूस तसंच राहतं. "रिकामं आहे" म्हणत साफ करताना झालेले कितीतरी अपघात या एका गैरसमजापोटी आहेत. त्या वहिनींना मी पिस्तुलाला हातही लावू दिला नाही, ठाण्यातून माहीतगार माणूस बोलावला, तो यासाठीच.

हे बत्तीस बोअरचं काडतूस अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंगनं बेल्जियमच्या कारखान्यासाठी तयार केलं, एकोणिसावं शतक संपता संपता. तिथून खिशात मावणाऱ्या पिस्तुलांचा जमाना आला. आणि अवघ्या दहा वर्षांत ब्राउनिंग हे नाव आपल्या नाशिकला येऊन पोचलं. १९०९ च्या सुरुवातीला लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरतळात वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं पाठवली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी त्यातलंच एक चालवलं. वय जेमतेम अठरा. पहिली गोळी चुकली, पुढच्या लागल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलं पाठवली म्हणून सावरकरांना जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याच्या आरोपाखाली जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली.

या प्रकरणाकडे मी पेटीच्या बाजूनं बघतो. ब्राउनिंग उत्तम होतं यात वाद नाही. पण वीस पिस्तुलांना काडतुसं किती? जी पेटीत मावली तेवढीच. संपली की पुन्हा लंडन, पुन्हा चोरतळ, पुन्हा बंदरावरचा कस्टमचा माणूस. हत्याराचा भरवसा काडतुसावर आणि काडतुसाचा भरवसा वाटेवर. सुभेदारसाहेबांचा "बासी माल" मला इथे आठवतो. आणि ही गोष्ट जगातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात सिद्ध झाली ती आपल्या सिल्वासाच्या बाबतीत.

हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तोच मुळी पुण्याहून. मराठ्यांनी पकडलेल्या एका जहाजाच्या भरपाईपोटी १७७९ च्या करारानं पेशव्यांनी त्यांना इथल्या गावांचा बारा हजारांचा वसूल लावून दिला. पण दमणचा किनारा आणि हा मुलूख यांच्यामध्ये दुसऱ्याची जमीन राहिली, आधी मराठ्यांची, मग इंग्रजांची, १९४७ नंतर भारताची. आज दमणहून सिल्वासाला गाडीनं तासाभराची वाट. कागदावर मात्र मध्ये परदेश.

१९५४ च्या जुलैत काय झालं हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना पाठ आहे. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सनं दादराचं पोलीस ठाणं घेतलं. त्यात तिथले अधिकारी अनिसेतो रोझारियो मारले गेले. २८ तारखेला नरोली. मग आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक पिपरियावरून आत शिरले, आणि २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. यात शस्त्रांची जाण असलेले राजा वाकणकर होते, नाना काजरेकर होते, विश्वनाथ नरवणे होते. गायक-संगीतकार सुधीर फडके होते आणि ललिताबाईही होत्या. पैसा उभा करायला लता मंगेशकर पुण्यात हिराबागेत विनामूल्य गायल्या. म्हणजे बाबूजींचा हार्मोनियम आणि वाकणकरांची हत्यारं एकाच खर्चाच्या वहीत. बँकवाल्याला ही वही बघायला फार आवडली असती!

आता दुसरी बाजू बघा. कॅप्टन फिदाल्गो यांच्या हाताखाली सुमारे दीडशे सशस्त्र पोलीस होते. संख्या, शिस्त आणि हत्यारं बघितली तर त्यांनी टिकायला हवं होतं. कुठल्याही हत्यारवाल्याला विचारा, तो या दीडशेंवरच पैज लावील. पण दादरा पडल्यावर भारतानं दमणहून येणारी वाट बंद केली. नवा माणूस नाही, नवं काडतूस नाही. ऐन पावसाळा. हातातली रायफल कितीही चांगली असली तरी आपल्यापाशी आहे ते संपलं की संपलं, हे ज्याला कळतं तो माणूस लढाई लांबवत नाही. फिदाल्गो सिल्वासा सोडून खानवेलकडे मागे सरकले आणि ११ ऑगस्टला आपली माणसं घेऊन उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाले. उधवा म्हणजे आताच्या तलासरी तालुक्यातलं, आपल्यातले कितीतरी जण त्या रस्त्यानं गावी जातात.

पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आम्हाला दमणहून जाण्यायेण्याचा हक्क आहे म्हणून. आपली बाजू सेटलवाड यांनी मांडली. मुंबई हायकोर्टाचे छागला भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून बसले. १२ एप्रिल १९६० चा निकाल मी दोनदा सावकाश वाचला आहे, आणि मला तो एखाद्या चोख ऑडिट रिपोर्टासारखा वाटतो. कोर्टानं सरसकट हो किंवा नाही म्हटलंच नाही, बाब सुटी केली. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना नव्हता. त्यांना प्रत्येक वेळी परवानगी लागे, ती इंग्रजांच्या काळापासून लागे. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार आणि त्याच वर्षीचा हिंदुस्थानचा शस्त्र कायदा हा त्याचा आधार. हत्यारांबाबतचा हा कौल ८ विरुद्ध ७ असा होता. एका मतानं! म्हणजे मीठ-मिरची, कापड, पाद्री, तलाठी खुशाल जा, फक्त काडतुसाची पेटी परवान्याशिवाय नाही. पुढे ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश रीतसर भारतात आला.

आजही आपली बत्तीस बोअरची काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या आकड्याइतकीच मिळतात. ती उलटी करून बघितलीत तर बुडावर केएफ असा छाप दिसेल, म्हणजे पुण्याजवळची खडकी, १८६९ पासूनचा कारखाना. इथल्या कारखानदारांच्या तक्रारी त्याबद्दलही असतात, की एखादी पेटी छान लागते आणि एखादी रुसते. विलायती पिस्तुलाचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही शेवटी खडकीचंच काडतूस भरावं लागतं, हे ते सहसा सांगत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. निवडणूक लागली की बहुतेकांना तीही ठाण्यात जमा करावी लागतात. त्या दिवसांत मला हमखास फोन येत, "साहेब, लॉकरमध्ये ठेवलं तर चालेल का?" नाही चालणार. लॉकरच्या करारात हत्यारं आणि स्फोटकं बसत नाहीत. मी निवृत्त झालो तरी उत्तर तेच आहे.

आता एक विनंती. १९५४ मध्ये इथे किंवा नरोली-खानवेलला ज्यांचे आईवडील होते अशी दोन-तीनच घरं आपल्यात उरली आहेत. त्या दिवसांत घरात काय बोललं जायचं, फिदाल्गोचे पोलीस गावातून जाताना कोणी पाहिले का, मागे राहिलेल्या रायफलींचं काय झालं, हे कोणाला ऐकून का होईना ठाऊक असेल तर लिहा. लिहिता येत नसेल तर फोन करा. मी दुपारी चारनंतर मोकळा असतो, लिहून घेईन.

आणि हो, ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांनी दिवाळीपूर्वी परवान्याची मुदत एकदा बघून घ्या.

(निवृत्त बँक अधिकारी, सिल्वासा)