गावातले नेहमीचे आजार : पिंपळगाव राजासारख्या गावात काय करता येईल?

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या मोठ्या गावात आजार नेहमीचेच असतात : पावसाळ्यात जुलाब आणि डेंग्यू, लांबलेला खोकला, बीपी आणि शुगर. यांपैकी बरेच आजार घरात आणि मोहल्ल्यातच आटोक्यात ठेवता येतात. महाराष्ट्रात हे सिद्धही झालेले आहे. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

महाराष्ट्राचा अनुभव

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. फारशा न शिकलेल्या गावातल्याच बायांना त्यांनी आरोग्याचे प्रशिक्षण दिले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित बायांकडून नवजात बाळांची घरीच देखभाल करवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. आज आपल्या दारात येणारी आशा ताई याच वाटेवरून आली आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, असे ठरले.

जुलाब : पाणी बंद करू नका

बाळाला जुलाब लागले की पाणी-दूध बंद करायचे, ही जुनी सवय अजून काही घरांत आहे. ती जिवावर बेतते, कारण बाळ दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी कमी झाल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा सलाईन कमी पडली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

आशा ताईंकडे ओआरएसची पुडी फुकट मिळते. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि ते पाणी २४ तासांत संपवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ टाका. मीठ जास्त होऊ देऊ नका. आईचे दूध चालू ठेवा. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरीही. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात टिकेना, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

डेंग्यू : जुम्याचा कोरडा दिवस

डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, टाकी, कूलर रिकामे करून घासायचे. नुसते ओतून भागत नाही, अंडी भिंतीला चिकटून राहतात. जुम्याला सकाळी घरोघरी अंघोळ-सफाई होतेच, त्याच वेळी हे करता येईल. मशिदीचा हौज दर आठवड्याला रिकामा करणे जमत नसेल, तर त्यात गप्पी मासे सोडता येतात. ते आरोग्य केंद्रात विचारा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त

तर थुंकीची तपासणी करा. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते). मुलीच्या निकाहाला अडचण येईल म्हणून आजार लपवू नका. लपवलेला टीबी घरातल्या इतरांनाही गाठतो. औषध मधेच सोडले, तर पुढचा उपचार जास्त अवघड होतो.

बीपी, शुगर आणि रमजान

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने उपकेंद्रात बीपी-शुगर तपासून घ्यावी. बीपी वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. शुगरवाल्यांनी रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना विचारून गोळी-इन्सुलिनची वेळ आणि मात्रा ठरवावी. रोज्यात शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारा, पण तपासणी टाळू नका.

या आठवड्यात एवढे करा

आशा ताईंचा नंबर दादी-अम्मीच्या फोनमध्ये टाका, ओआरएसच्या दोन पुड्या घरात ठेवा आणि येत्या जुम्याला रांजण घासा.