टू-व्हीलरचे कुळ

इंग्रजीतला ‘व्हील’ हा शब्द आपल्याकडे एकटा कधी आलाच नाही. आला तो टू, थ्री, फोर असा आकडा पुढे घालून, नाहीतर खुर्चीला किंवा स्टेअरिंगला धरून. आमच्याकडच्या बैलबंडीला चांगली दोन चाके असतात. पण तिला टू-व्हीलर म्हणणारा इसम माझ्या पाहण्यात नाही. हप्ता असला की व्हील, नसला की चाक, हे आम्हा बँकवाल्यांचे व्याकरण!

गेल्या पावसाळ्यात बिरसीचे एक म्हातारबा नातीच्या गाडीसाठी कर्ज मागायला आले. ‘वाहनाचा प्रकार’ या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘दोन चाकांची गाडी’. मी लाल शाईने ते खोडले, वर ‘टू-व्हीलर’ लिहिले आणि चारचौघांत म्हणालो, “बाबाजी, नीट लिहीत जा.”

बिरसीला धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली इंग्रजांनी बांधलेली. आता तिथे शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने घिरट्या घालतात. म्हातारबा शांतपणे म्हणाले, “साहेब, आमच्या गावच्या इमानाले तीन चाकं हायेत. त्याले थ्री-व्हीलर म्हनाचं का जी?”

सगळे हसले. मी सोडून.

रात्री मुलाचा जाडजूड कोश उघडला, तर आत व्हीलची वंशावळच निघाली! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने १७८६ साली कलकत्त्यात सांगितले. पुढच्या पंडितांनी तो माग धरला. संस्कृत ‘चक्र’, ग्रीक ‘कुक्लॉस’ आणि इंग्रजी ‘व्हील’ हे चुलतभाऊ ठरले. चक्राचे प्राकृतात ‘चक्क’ झाले, मराठीत ‘चाक’. कुक्लॉसच्या घरात ‘सायकल’ जन्मली. आमचे चक्रवाढ व्याज याच कुळातले. आणि मी वीस वर्षे ज्या चाकोरीत फिरतो आहे, तीही!

म्हणजे मी एका भावाचे नाव खोडून दुसऱ्याचे लिहिले होते. एक गावात राहिला, दुसरा विलायतेहून साहेब होऊन आला, एवढाच फरक. साहेबाला खुर्ची द्यायची आणि गाववाल्याला लाल शाई, हे मात्र माझे स्वतःचे संशोधन.

कर्ज मंजूर झाले. म्हातारबा सहीला आले तेव्हा मी पुन्हा चारचौघांतच म्हणालो, “बाबाजी, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. चूक माझी.”

त्यांनी सावकाश सही केली, चष्मा काढला आणि म्हणाले, “मंग व्याज बी चाकाचंच लावजा जी, व्हीलचं नोका लावू.”