पाय दोन, बूट सहा

परवा नात सुट्टीला आली ती बुटांची तीन खोकी घेऊनच. ती पुण्याला नोकरी करते, गेली दोन वर्षं नेमाने पळते, आणि यंदा साताऱ्याच्या डोंगरावरच्या अर्ध्या मॅरेथॉनला, म्हणजे चांगल्या २१ किलोमीटरला, तिने नाव दिलं आहे. खोकी उघडून तिने मला ओळख करून दिली. "आजी, हे रोजच्या पळण्याचे, हे वेगाच्या सरावाचे आणि हे शर्यतीचे."

"अगं, पाय दोन आणि बूट सहा?" मी म्हटलं. आमच्या लहानपणी वर्षाला एक चप्पल मिळायची. तिचा अंगठा तुटला की शिवून आणायची आणि तीच पुढे चालवायची.

तिने काही वाद घातला नाही. माझ्या एका हातात रोजचा बूट ठेवला आणि दुसऱ्या हातात शर्यतीचा. पहिला चांगला भरीव होता. दुसरा इतका हलका की हातात काही आहे असं वाटेचना. मी गप्प बसले.

पण तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई मी. कोणत्याही गोष्टीची वंशावळ काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग महिनाभर वाचत बसले. वाचता वाचता लक्षात आलं, की एक गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं चुकीची सांगत आले. आणि त्या चुकीपायी एका मुलीवर अन्यायही केला. आजचं हे लिखाण खरं म्हणजे त्यासाठीच आहे.

ती गोष्ट अबेबे बिकिलाची. इथिओपियाच्या सम्राटाच्या रक्षक दलातला हा शिपाई १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि जिंकला. संध्याकाळची शर्यत, रस्त्याच्या कडेला मशाली धरून उभे असलेले सैनिक, आणि त्या उजेडात दगडी रस्त्यावरून पळणारे त्याचे उघडे पाय. वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, म्हणजे तेव्हाचा जागतिक उच्चांक. मी मुलांना सांगायची, "बिचाऱ्याकडे बूट घ्यायला पैसे नव्हते, तरी तो जिंकला. तुम्ही कसली कारणं सांगता?" वर्ग अगदी शांत होऊन ऐकायचा.

खरी हकीकत वेगळी आहे. बिकिलाकडे बूट होते. सराव करून करून ते झिजले होते, म्हणून रोमला त्याने नवे घालून पाहिले. ते त्याच्या पायाला नीट बसेनात, फोड येऊ लागले. सरावात तो बूट घालूनही पळायचा आणि अनवाणीही. तेव्हा त्याने आणि त्याचे स्वीडिश प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांनी विचार करून ठरवलं, की न बसणाऱ्या नव्या बुटापेक्षा सवयीचा उघडा पाय बरा. म्हणजे मी ज्याला गरिबी म्हणत होते ती निवड होती. चार वर्षांनी टोकियोला तोच बिकिला बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला. या वेळी २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला जेमतेम सहा आठवडे झालेले असताना!

ही मधली चार वर्षं समजून घ्यायला थोडं जपानकडे वळावं लागतं. तिथे लांब पळणारे लोक 'तबी' घालत. तबी म्हणजे अंगठा वेगळा असलेलं कापडी पायताण. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकला शिझो कानाकुरी हा जपानी धावपटू तबी घालूनच मॅरेथॉन पळाला. उन्हाने बेजार होऊन त्याने शर्यत मध्येच सोडली. (१९६७ साली स्वीडनच्या लोकांनी त्याला सन्मानाने बोलावून ती पूर्ण करून घेतली. वेळ लागली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर साडेपाच तास!) मायदेशी परतल्यावर त्याने टोकियोच्या एका तबीवाल्याला हाताशी धरून रबरी तळाची, रस्त्यावर टिकणारी तबी बनवून घेतली.

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक या बाबतीत फार बोलकं आहे. अमेरिकेचा जेसी ओवेन्स तिथे ॲडी डासलर या जर्मन कारागिराचे खिळ्यांचे बूट घालून पळाला आणि एकूण चार सुवर्णपदकं घेऊन गेला. मॅरेथॉन जिंकली ती कोरियाच्या सोन की-चुंगने, जपानी तबी घालून. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे बिचाऱ्याला जपानच्या झेंड्याखाली पळावं लागलं. १०० मीटरवाल्याला कोळशाच्या भुग्याच्या मैदानात पकड हवी, म्हणून खिळे. ४२ किलोमीटरवाल्याला पाय मोकळा हवा, म्हणून कापड. दोघांनी बूट बदलून घेतले असते तर दोघंही हरले असते. माझी नात तीन खोक्यांमधून जे सांगत होती ते त्या एका ऑलिंपिकमध्ये दिसतं. पुढे १९५१ साली शिगेकी तनाकाने बोस्टनची मॅरेथॉन जिंकली तीही असेच अंगठा वेगळा असलेले बूट घालून.

युद्धानंतर, १९४९ साली, कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका यांनी बुटांचा कारखाना काढला. मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या पायाला फोड का येतात, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. बुटात उष्णता कोंडते, म्हणून फोड येतात हे लक्षात आल्यावर त्यांनी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची युक्ती वापरली. बुटाला अशी भोकं ठेवली, की प्रत्येक पावलाला आतली गरम हवा बाहेर जावी आणि थंड हवा आत यावी. हा बूट १९६० च्या सुमाराला बाजारात आला. १९६१ साली बिकिला ओसाकाला पळायला आला तेव्हा ओनित्सुकांनी त्याला गाठून बूट घालायला राजी केलं. इथल्या रस्त्यावर काचा असतात, असं त्याला सांगितलं म्हणे. बिकिला त्यांचे बूट घालून पळाला आणि जिंकला. आज ॲसिक्स म्हणतात ती कंपनी हीच.

अमेरिकेत हाच नाद बिल बॉवरमन यांना होता. ओरेगॉन विद्यापीठातले हे प्रशिक्षक आपल्या खेळाडूंसाठी शर्यतीचे बूट स्वतः शिवत आणि वजन औंसात मोजत. शर्यतीचा बूट हलका हवा, एवढंच त्यांचं सूत्र. पण १९६२ साली ते न्यूझीलंडला गेले आणि तिथे त्यांनी साधी, पोट सुटलेली माणसं प्रकृतीसाठी रमतगमत पळताना पाहिली. परत येऊन त्यांनी ते वेड अमेरिकेत पसरवलं. इथेच बुटांच्या इतिहासाला वळण लागलं असं मला वाटतं. शर्यतीचा बूट दोनेक तासांपुरता असतो. रोज पळणाऱ्याला मात्र वर्षाकाठी हजार-दीड हजार किलोमीटरचे दणके सोसायचे असतात. त्याला जाड, मऊ, टिकाऊ तळ हवा. १९७१ साली बॉवरमननी बायकोच्या वॅफलच्या साच्यात रबर ओतलं. (वॅफल म्हणजे खणाखणांचं जाड गोड धिरडं समजा.) साच्याचं वाटोळं झालं, पण खणाखणांचा, हलका आणि पकड घेणारा तळ तयार झाला. नायकेचे बूट त्यावरच नावारूपाला आले. दुःखाची गोष्ट अशी, की बंद खोलीत वर्षानुवर्षं बुटांचा डिंक हुंगून बॉवरमन यांच्या पायाच्या नसा निकामी होत गेल्या. जगाला पळायला लावणाऱ्या माणसाला उतारवयात स्वतःला पळता येईना.

तेव्हापासून रोजचे आणि शर्यतीचे बूट वेगळे झाले ते झालेच. यामागे हिशोबही आहे. प्रत्येक बुटाचं वजन १०० ग्रॅमनी वाढलं, की पळायला सुमारे १ टक्का जास्त शक्ती लागते. २०१७ साली नायकेने कार्बनची पट्टी आणि खास उसळता फेस असलेला बूट काढला. तपासणीत त्याने सरासरी ४ टक्के शक्ती वाचते असं दिसलं. २०१९ साली एलिउड किपचोगे व्हिएन्नात तसल्याच बुटात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पळाला. ती रीतसर शर्यत नव्हती, म्हणून त्याचा उच्चांक धरला गेला नाही. बुटांची ही चढाओढ पाहून जागतिक संघटनेला २०२० साली नियम करावा लागला, की रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि पट्टी एकच हवी. २०२१ साली व्हिएन्नातच देरारा हुरिसा हा पहिला आला. पण त्याने शर्यतीचे म्हणून कळवलेले बूट न घालता सरावाचे, ५० मिलिमीटर तळाचे घातले होते! पहिलं बक्षीस गेलं. चुकीचं खोकं उघडल्याची एवढी मोठी शिक्षा दुसऱ्या कुणाला झाली नसेल.

मग आपण कोणते घ्यावेत? नातीने मला दोन अभ्यास दाखवले. अमेरिकेच्या सैन्यात हजारो जवानांना तळव्याची ठेवण पाहून बूट नेमून दिले. दुखापती काही कमी झाल्या नाहीत. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावणाऱ्यांवर २२ आठवडे लक्ष ठेवलं. जे बूट आलटून पालटून वापरत होते त्यांना दुखापती बऱ्याच कमी झाल्या, कारण दर बुटात भार थोडा वेगळ्या जागी पडतो. म्हणजे सहा बुटांची चैन वाटते तेवढी चैन नाही. बाकी नियम साधे आहेत. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. घालून चार पावलं पळून पाहावं. पायाला बरे वाटतात तेच घ्यावेत. आणि नवा बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये.

हा शेवटचा नियम मी मोडायला लावला होता.

१९८४ साल. लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं आणि आमच्या खेड्यातल्या शाळेतही मुली पळायला लागल्या होत्या. आठवीत एक मुलगी होती. वाडीवरून रोज तीन किलोमीटर पळत शाळेला यायची, कारण घरचं पाणी भरून निघेपर्यंत उशीर व्हायचा. तालुक्याला ती अनवाणी पळाली आणि पहिली आली. जिल्ह्याला जायचं ठरलं तेव्हा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून तिला पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. आदल्या संध्याकाळी घेतले, आणि वाढता पाय म्हणून एक नंबर मोठे. पुढे कापूस कोंबला.

शर्यतीआधी ती माझ्याजवळ आली. "बाई, मी अनवाणी पळू का? तुम्ही सांगितलेला तो पळाला होता तसं?"

मी म्हटलं, "अगं, त्याच्याकडे बूट नव्हते. तुझ्याकडे आहेत ना? जिल्ह्याला आलोय आपण. चारचौघांत नीट दिसायला हवं."

ती सहावी आली. बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांना रक्त होतं. रडली नाही. चार दिवसांनी तिने ते बूट धुऊन, खडू लावून पांढरे करून परत आणून दिले. "दुसऱ्या कुणाला होतील," म्हणाली. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. लग्न ठरल्याचं कळलं.

मी इतिहासाची शिक्षिका. इतिहास माझ्या अंगणातलाच होता. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. १९७८ साली जालंधरला शिवनाथ सिंग २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पळाले. ते पायाला नुसती पट्टी गुंडाळून अनवाणी पळण्यासाठीच प्रसिद्ध होते. त्यांचा तो राष्ट्रीय उच्चांक चाळीसहून अधिक वर्षं कुणाला मोडता आला नाही. यातलं काही मला तेव्हा माहीत असतं, तर त्या पोरीला मी "पळ तशीच" म्हटलं असतं. अर्थात माहीत नसतानाही तिचं ऐकता आलं असतंच. पाय तिचे होते.

नातीला मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, शर्यतीचे बूट मी अजून एकदाही घातले नाहीत." दुसऱ्या दिवशी पहाटे तेच घालून ती पळायला गेली. आली तेव्हा डाव्या पायाची करंगळी लाल झाली होती. बूट बदलून आणायला अजून तीन आठवडे आहेत.

असो. ती मुलगी आज पंचावन्नच्या आसपास असेल. कुणाच्या तरी मोबाईलवरून हे तिच्यापर्यंत पोहोचलं तर एवढंच सांगायचं आहे. बाळ, तू बरोबर होतीस. बिकिलाची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त कळली होती.